पातूरची एस.टी. आणि चालती बेरीज

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ३५ किलोमीटरवर पातूर लागते. लेण्यांमुळे आणि रेणुकामातेच्या टेकडीमुळे हे गाव वऱ्हाडात सर्वांना माहीत आहे. आमचा त्याच्याशी संबंध जडला तो मात्र तेथील एका शाळेतल्या संगणकाच्या खोलीमुळे. २०१३ साली या शाळेला एका कार्यालयातून बाद झालेले १२ संगणक मिळाले. पेंटियम-४ जातीचे, प्रत्येकी ५१२ मेगाबाइट स्मृतीचे, आणि सगळ्यांवर विंडोज एक्सपी. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. नवी विंडोज या यंत्रांना पेलणारी नव्हती आणि शाळेला परवडणारीही नव्हती. तेव्हा त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही शिक्षकांच्या मदतीने सर्व यंत्रांवर लिनक्स घातले. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांपैकी डेबियन ही निवडली, कारण जुन्या यंत्रांना ती बरी सांभाळून घेते.

लिनक्स घालणे दोन दिवसांत उरकले. ते अद्ययावत ठेवण्याचे काम मात्र पुढे बारा वर्षे चालले आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

पहिला धडा २०१५ च्या जूनमध्ये मिळाला. डेबियनची आठवी आवृत्ती एप्रिलमध्ये आली होती. शाळेत इंटरनेट होते ते मोबाइलच्या डाटाकार्डवर, सेकंदाला १०-१२ किलोबाइट एवढ्या वेगाने, तेही खिडकीच्या गजाला कार्ड बांधले तर. एका यंत्रावर आम्ही सातवीवरून आठवीवर जाण्याची आज्ञा दिली. सुमारे ६०० मेगाबाइट उतरवायचे होते. ५०-५५ किलोबाइटांचा हिशेब नव्हता, १२ चा होता. म्हणजे १४ तास. रात्रभर यंत्र चालू ठेवले. सकाळी उतरवणे संपून बसवणे सुरू झाले, आणि निम्म्यावर असताना भारनियमनाची वेळ झाली. वीज आल्यावर पाहतो तो काही भाग नवे, काही जुने, आणि दोघांचे एकमेकांशी जमेना. दुसऱ्या यंत्रावर हाच प्रयोग केला, तर उतरवणेच मध्ये तुटले. मदतीला बसलेला नववीतला मुलगा म्हणाला, "काहून सर, हे तं पुन्हा पह्यल्यापासून सुरू झालं न जी!"

त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आम्ही वाचू लागलो, आणि लक्षात आले की हीच अडचण जगात अनेकांना आधी येऊन गेली आहे. आज आपण वापरतो त्या बऱ्याच युक्त्या मंद तारेच्या टोकाशी बसलेल्या माणसांनीच शोधल्या आहेत.

त्याआधी एक शंका. शिक्षक आम्हाला विचारीत, चालते आहे ते यंत्र चालू द्यावे, सारखे दुरुस्त कशाला करायचे? शंका रास्त आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये 'शेलशॉक' नावाची त्रुटी उघडकीला आली. लिनक्समध्ये आज्ञा स्वीकारणारा जो 'बॅश' नावाचा भाग असतो, त्यात ती १९८९ पासून, म्हणजे २५ वर्षे, लपलेली होती. तिच्या आधारे बाहेरचा माणूस काही यंत्रांना दुरून आपल्या आज्ञा पाळायला लावू शकत होता. दुरुस्ती लहान होती, आमच्या डाटाकार्डवरही काही मिनिटांत उतरली. डेबियनची रीत अशी की स्थिर आवृत्तीत नवे काही घालायचे नाही. जुन्याच भागात फक्त भोक बुजवायचे. त्यामुळे दुरुस्ती लहान राहते आणि मुलांना सवयीचा पडदाही बदलत नाही. उलट उदाहरणही आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गाजलेल्या 'हार्टब्लीड' त्रुटीची बाधा डेबियन ७ ला झाली, पण त्याहून जुन्या डेबियन ६ ला झाली नाही, कारण तिच्यातला तो भागच इतका जुना होता की चूक त्यात शिरलेली नव्हती. तेव्हा जुने म्हणजे धोक्याचे असे सरसकट म्हणता येत नाही. आम्ही साधा नियम ठेवला: इंटरनेटला जोडले जाणारे यंत्र दुरुस्त ठेवायचे, कधीच न जोडले जाणारे यंत्र, जसे आमच्या प्रयोगशाळेतले मोजमापाचे यंत्र, आहे तसे राहू द्यायला हरकत नाही.

आता इतिहासाकडे. भारतातील शिक्षणसंस्थांना जोडणारे 'अर्नेट' हे जाळे १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सुरू झाले. मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., हे त्याचे एक प्रमुख ठाणे. १९८९ मध्ये तेथून अमेरिकेपर्यंत एक कायमची तार भाड्याने घेतली गेली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. देशभरच्या संशोधकांचा परदेशी पत्रव्यवहार एवढ्याशा नळीतून वाहत असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने चार महानगरांत सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, तेव्हाही सुरुवातीचे मोडेम याच वेगाचे होते. महानगराबाहेरच्या माणसाला तर आधी एस.टी.डी. लावावा लागे.

इकडे फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला होता. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे त्याचे संच सुरू झाले. ते इंटरनेटवर फुकट होते. पण फुकट असणे आणि मिळणे यांत अंतर असते. एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावतात, म्हणजे ५२० कोटी बिट. त्याला ९,६०० ने भागा. साडेपाच लाख सेकंदांच्या आसपास उत्तर येते. १५० तास, सव्वासहा दिवस. एवढा वेळ फोन चालू ठेवणारा माणूस आमच्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून लिनक्स भारतात पसरले ते तारेने नव्हे, तर टपालाने आणि वृत्तपत्र विक्रेत्याच्या टपरीवरून. मार्च १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, आणि पुढे अनेक वर्षे हा उपक्रम चालवला. त्यामागे मुख्यतः अतुल चिटणीस होते. बेळगावात अभियांत्रिकी शिकून बंगळूरला स्थायिक झालेले हे गृहस्थ २०१३ साली निवर्तले. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्या सीडीवर, अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या टपरीतून आणलेल्या अंकात. नंतर २००४ पासून उबुंटूचे लोक मागेल त्याला घरपोच सीडी पाठवू लागले. परदेशातून आलेले ते पाकीट पोस्टमनने आणून दिले, की आळीत चर्चा होई. २०११ मध्ये ही योजना बंद झाली.

विद्यार्थ्यांसाठी एक गणित. अकोल्याहून पातूरला एस.टी.ने एक तास लागतो. पिशवीत एक सीडी असली, तर एस.टी.चा वेग किती? तारेला १५० तास, एस.टी.ला एक, म्हणजे एस.टी. ही ९,६०० बिटांच्या मोडेमच्या १५० पट जलद, सेकंदाला सुमारे साडेचौदा लाख बिट. पिशवीत १६ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह असेल तर हाच वेग साडेतीन कोटी बिटांच्या वर जातो. अँड्र्यू टॅनेनबाउम यांच्या संगणक-जाळ्यांवरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात चुंबकीय फितींनी भरलेल्या मोटारीचे असेच गणित केलेले आहे. एस.टी.चा दोष एवढाच, की पहिला बिट पोचायलाही तास लागतो.

पण सीडी ही एका दिवसाची स्थिती असते. दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या निघू लागतात आणि त्या तारेनेच आणाव्या लागतात. येथे पहिली अडचण तुटण्याची. १९९६ साली क्रोएशियातील ह्र्वोये निक्शिच या विद्यार्थ्याने 'डब्ल्यू-गेट' नावाची छोटी आज्ञावली लिहिली. मंद आणि वारंवार तुटणाऱ्या तारेवर टिकून राहावे हाच तिचा उद्देश. उतरवणे जेथे तुटले तेथून पुढे ती सुरू करते. त्यासाठी समोरच्या यंत्राला 'अमुक बाइटपासून पुढचे दे' असे सांगता यावे लागते. १९९७ च्या सुमारास वेबच्या नियमांत ही सोय रीतसर आली. आमच्या नववीतल्या मुलाच्या तक्रारीवर उपाय असा वीस वर्षे आधीच झालेला होता. चूक आमची होती: उतरवणे आणि बसवणे ही दोन कामे आम्ही एकाच आज्ञेत गुंफली होती. 'फक्त उतरव, बसवू नकोस' असा पर्याय डेबियनमध्ये आहे. तेव्हापासून उतरवायचे हळूहळू, आणि बसवायचे ते वीज नक्की असेल त्या वेळी.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एखाद्या मोठ्या फाइलमध्ये चार ओळी बदलल्या, तर सगळी फाइल पुन्हा का आणावी? बदललेले तेवढेच आणावे. पण बदलले काय हे कळायला दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्या लागतात, आणि त्या तर दोन गावी आहेत. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल विद्यापीठातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी जून १९९६ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'आर-सिंक'. ट्रिजेल यांच्या १९९९ च्या पीएच.डी. प्रबंधात ते सविस्तर आले आहे. आमच्या मते शाळेच्या वर्गात शिकवता येण्याजोग्या सुंदर युक्त्यांपैकी ही एक आहे, म्हणून येथे जरा थांबू.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची एक जुनी प्रत पातूरला आहे आणि सुधारलेली प्रत अकोल्याला, असे समजा. मधला फोन फार खराखर करतो. पातूरचे सर आपल्या प्रतीचे सारख्या लांबीचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यातील आकड्यांची बेरीज घेतात आणि फक्त बेरजा फोनवर सांगतात. अकोल्याच्या मॅडम आपल्या प्रतीत त्या बेरजांचे तुकडे शोधतात. जे सापडतात ते पातूरला आहेतच. जे सापडत नाहीत तेवढेच सांगायचे.

गोम अशी, की अकोल्याच्या प्रतीत सुरुवातीलाच एक ओळ नवी घातली असेल, तर पुढचे सगळे एका ओळीने सरकते. तुकडे तेच, जागा वेगळ्या. म्हणून मॅडमना प्रत्येक जागेपासून सुरू होणारा तुकडा तपासावा लागतो. तुकडा ७०० अक्षरांचा असेल तर प्रत्येक वेळी ७०० अक्षरांची बेरीज! येथे चालती बेरीज उपयोगी पडते. फळ्यावर हे सहा आकडे लिहा: ४, ७, १, ९, ३, ८. चार-चारांचा तुकडा घेऊ. पहिल्या चारांची बेरीज २१. आता एक घर पुढे सरका. पुन्हा चार आकडे मिळवायचे नाहीत. बाहेर गेलेला ४ वजा करा, आत आलेला ३ मिळवा: २०. आणखी एक घर: ७ वजा, ८ अधिक: पुन्हा २१. तुकडा कितीही लांब असो, एक वजाबाकी आणि एक बेरीज पुरते.

आणि लगेच दोषही दिसतो. ४, ७, १, ९ आणि १, ९, ३, ८ हे वेगळे तुकडे, पण बेरीज दोघांची २१. आर-सिंक म्हणून साध्या बेरजेसोबत, आकड्याची जागा लक्षात घेणारी दुसरी बेरीजही ठेवते, आणि तरीही खात्री धरत नाही. या स्वस्त बेरजा जुळल्या तरच ती तुकड्याचा लांबलचक, काढायला महाग असा ठसा काढून ताडून पाहते. हजारो ठिकाणी स्वस्त चाचणी, थोड्याच ठिकाणी महाग चाचणी. वैद्यकीय तपासणी शिबिरात अगदी हेच करतात.

महाराष्ट्रातल्या एका वाडीवर ही युक्ती ज्यात भरलेली आहे अशी यंत्रे २००७ सालीच पोचली होती. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पातला भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत झाला. २०-२२ मुले आणि प्रत्येकाकडे एक हिरवा-पांढरा लॅपटॉप. आत लिनक्सच, २५६ मेगाबाइट स्मृती आणि १ गिगाबाइट साठवण. या लॅपटॉपची कार्यप्रणाली अद्ययावत करणारी आज्ञावली आर-सिंकच्या आधारे बदललेले तेवढेच उतरवी, किंवा पेनड्राइव्हवरून घेई. शिवाय ती नवी प्रणाली जुनीच्या शेजारी मांडून, सगळी तपासून मगच तिच्यावर उडी मारी. बिघडले तर सुरू करताना एक कळ दाबून जुनीवर परत येता येई. प्रकल्पाच्या शैक्षणिक दाव्यांबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. एका शिक्षकावर यंत्रांचा भार टाकून शाळा सुधारत नाही. पण खेड्यात वीज जाते हे गृहीत धरून केलेली ही रचना आम्हाला २०१५ च्या त्या सकाळी फार आठवली.

आर-सिंक दाबून लहान केलेल्या फाइलींपुढे मात्र लंगडी पडते. दाबलेल्या फाइलीत एक अक्षर बदलले की पुढचे सगळेच वेगळे दिसते, आणि लिनक्सचे भाग तर दाबलेल्या गठ्ठ्यांच्या रूपात येतात. यावर लेबनॉनमधील एका शाळेत संगणक सांभाळणाऱ्या जोनाथन डिटर यांनी उपाय योजला. जुन्या आणि नव्या गठ्ठ्यातला केवळ फरक पाठवायचा आणि नवा गठ्ठा वापरणाऱ्याच्या यंत्रावर पुन्हा बांधायचा, असे तंत्र सूझे लिनक्सकडे होते. डिटर यांनी ते फेडोरा लिनक्सला जोडले. जून २००९ च्या फेडोरा ११ मध्ये ते अधिकृतपणे आले. डेबियनसाठी इटलीतील पिसा येथील गणितज्ञ आंद्रेया मेनुच्ची यांनी तसेच साधन केले.

ते आम्ही पातूरला वापरून पाहिले. उतरवायचे खूपच कमी झाले. पण नवा गठ्ठा बांधताना तो पुन्हा दाबावा लागतो, आणि त्या कामाला आमची पेंटियम यंत्रे इतका वेळ घेत की तारेवर वाचलेला वेळ बराचसा तेथेच खर्ची पडे. जुने यंत्र आणि मंद तार ही जोडी सहसा एकत्रच असते. या तंत्राला नवे यंत्र आणि मंद तार हवी होती. पुढे तारा जलद होत गेल्या, आणि एप्रिल २०२४ च्या फेडोरा ४० मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. आम्हाला वाईट वाटले, पण कारण पटण्यासारखे आहे.

आमचा प्रश्न शेवटी सुटला तो एस.टी.नेच. ऋतेश राज सराफ या भारतीय डेबियन विकासकाने 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाचे साधन लिहिले आहे. पातूरच्या यंत्रावर ते 'मला काय काय हवे' याची एक छोटी यादी बनवते. ती पेनड्राइव्हवर घेऊन शाळेतले एक शिक्षक, जे रोज अकोल्याहून येणे-जाणे करतात, घरच्या जलद इंटरनेटवर सगळे उतरवतात. तेथे विंडोज असले तरी चालते. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह परत. आणि एकदा आणलेले गठ्ठे सगळ्या यंत्रांना चालतात, कारण यंत्रे एका जातीची आहेत. १२ वेळा उतरवण्याऐवजी एकदाच, ही बचत कोणत्याही हुशार गणिताहून मोठी होती. ती आम्हाला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती.

मुलांनी येथे चांगला प्रश्न विचारला: वाटेत कोणी पेनड्राइव्हवर भलतेच काही घातले तर? प्रत्येक गठ्ठ्याचा एक अंकीय ठसा असतो. सगळ्या ठशांची एक यादी असते. त्या यादीचा ठसा दुसऱ्या एका फाइलीत असतो. आणि त्या फाइलीवर डेबियनची अंकीय सही असते. सही तपासण्याची किल्ली यंत्रात आधीपासून असते. साखळीत कोठेही एक बिट बदलला तरी यंत्र गठ्ठा नाकारते. त्यामुळे आणणारा माणूस ओळखीचा असण्याची गरजच राहत नाही.

या साखळीने आम्हाला एकदा चकवलेही. करोनाच्या काळात खोली दीड वर्ष बंद होती. ग्रामीण भागातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या, आणि यंत्रे चालू केली तर अर्धी संकेतस्थळे उघडेनात. चारच दिवस आधी, ३० सप्टेंबरला, लक्षावधी संकेतस्थळांच्या ओळखपत्रांमागचे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले होते, आणि आमच्या डेबियन ८ ला नवे ओळखता येत नव्हते. मग आठवरून नऊ, नऊवरून दहा, दहावरून अकरा अशा पायऱ्या चढायच्या ठरल्या. डेबियनमध्ये मधली पायरी गाळायची नसते. प्रत्येक पायरीला ६००-७०० मेगाबाइट, आणि एस.टी.च्या तीन फेऱ्या. पण पहिल्याच पायरीवर काही यंत्रांनी सही नाकारली. दोन तास आम्ही गठ्ठे तपासत बसलो. शेवटी दहावीतल्या एका मुलीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले: "सर, याची तारीख २००२ ची आहे जी." मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली होती, घड्याळ मागे गेले होते, आणि २००२ सालात जगणाऱ्या यंत्राला २०२१ ची सही भविष्यातली वाटत होती.

आज १२ पैकी ९ यंत्रे चालतात. तिघांचे सुटे भाग इतरांच्या पोटात गेले. त्यांवर डेबियन १२ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही ३२ बिटांच्या यंत्रांवर बसवण्याची सोय देत नाही, त्यामुळे पुढची पायरी नाही. बाराव्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळतील. आधुनिक ब्राउझर ५१२ मेगाबाइटमध्ये आताच धापा टाकतो; टंकलेखन, गणिताची साधने आणि पायथॉन मात्र नीट चालते. मोबाइलवर आता पातूरला ४जी मिळते, तरी संगणकाच्या खोलीत अजून एकच दांडी दिसते, आणि यादीचा पेनड्राइव्ह महिन्यातून एकदा अकोल्याला जातो. मागच्या खेपेस त्यासोबत दोन बॅटऱ्याही मागवल्या.